शनिवारची क्षमा

आजवर मला पुष्कळांनी बोलून घेतलंय. शाळेत मास्तरांनी, कारखान्यात साहेबांनी, आणि घरातलं तर सांगायलाच नको. पण आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या मेट्रनबाईंनी नुसती क्षमा केली की मला जो घाम फुटायचा, तो दुसऱ्या कुणाच्या रागानं कधी फुटला नाही. रागावणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, आपला गुन्हा काय ते तो निदान ओरडून सांगतो. मेट्रनबाई ओरडत नसत. त्या दारात उभ्या राहत, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीनं "सलाम" म्हणत आणि शांतपणे सांगत, "लेकरा, मी तुला क्षमा केली आहे." एवढं सांगून त्या वळायच्या. मागं आपण उघड्या दारात उभे, महिनाभराचं आपलं वागणं आठवत.

ही नव्वदनंतरच्या नेरूळमधली गोष्ट. तेव्हा तिथं रस्त्यांना नंबर होते, पण झाडांना अजून सावली नव्हती. मी रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. स्वभावानं मुळातच भित्रा. गॅस बंद केला का हे बघायला बसस्टॉपवरून घरी परत येणाऱ्यांपैकी. आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती, आणि मेट्रनबाईही तिकडच्याच. एका मिशन दवाखान्यात मेट्रन, म्हणजे नर्सांची मुख्य, म्हणून त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. लग्नाला वेळच मिळाला नाही, हे त्या एखादी ड्यूटी चुकल्यासारखं सांगत. निवृत्त झाल्यावरही पांढरी साडी सुटली नव्हती, आणि खांद्यापाशी उलटं टाचलेलं घड्याळही सुटलं नव्हतं. बोलता बोलता त्या ते उचलून बघायच्या, तेव्हा समोरच्याला वाटायचं, आपली नाडी मोजताहेत.

आमच्या मंडळीला तेव्हा स्वतःचं चर्च नव्हतं. रविवारी एका शाळेचा वर्ग मिळायचा, आणि प्राथमिकच्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीला लावून आम्ही उपासना करायचो. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा. प्रभूच्या मेजाशी येण्याआधी ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याशी समेट करून यावं, ही शिकवण आम्ही सगळ्यांनीच लहानपणापासून ऐकलेली. ऐकायची, मान डोलवायची आणि भाकर तोंडात टाकायची, अशी बाकीच्यांची रीत होती. मेट्रनबाई ती शिकवण डॉक्टरच्या ऑर्डरसारखी पाळायच्या. आदल्या शनिवारी दुपारी चहा झाला की त्या घराबाहेर पडायच्या आणि महिनाभरात ज्यांनी ज्यांनी त्यांचं मन दुखावलं असेल त्या सगळ्यांना दारोदार जाऊन क्षमा करून यायच्या.

त्या शनिवारी आमच्या घरात सकाळपासून धाकधूक असायची. बायको भाजी चिरता चिरता विचारायची, "तुम्ही काही बोललात का हो त्यांना?" मी म्हणायचो, "मी नाही. तू शेवयांची वाटी परत केलीस का?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात, आम्हाला तर चोरी न करताही चांदणं दिसायचं. आणि गुन्हा निघायचा तो भलताच. एकदा मला क्षमा झाली ती शास्त्रवाचन चालू असताना खिडकीबाहेर बघितल्याबद्दल. एकदा बायकोला झाली, ती मनातल्या मनात नाक मुरडल्याबद्दल. "मनातलं त्यांना कसं कळलं?" असं मी नंतर विचारलं, तर बायको म्हणाली, "मुरडलं होतं हो खरंच." यापुढं काय बोलणार? भीक नको पण कुत्रं आवर, अशी आमची गत झाली होती.

इंजेक्शनाचं तर विचारू नका. सगळी इमारत त्यांच्याकडून सुई टोचून घ्यायची, कारण हात हलका होता आणि त्या काही घेत नसत. पण पालथं पडलेल्या माणसाशी हिशेब मिटवायची त्यांना सवय होती. "परवा जिन्यात मला बघून न बघितल्यासारखं केलंस," त्या कापूस फिरवता फिरवता म्हणायच्या. "ते मी सोडून दिलंय. आता मोठा श्वास घे." जवळच्या गावातून टोपली घेऊन येणाऱ्या आगरी मावशीला त्यांनी शिळ्या पापलेटाबद्दल भर रस्त्यात क्षमा केली, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आगो बाय, मावरा ताजाच व्हता. माफी कसली देतस?" त्यावर मेट्रनबाईंनी तिला खोटं बोलल्याबद्दल आणखी एकदा क्षमा केली. बुधवारच्या घरप्रार्थनेतही हेच. डोळे मिटून, हात जोडून त्या देवबापाला सांगायच्या की, हे प्रभू, याच खोलीत दाराशी बसलेल्या तुझ्या लेकीनं माझी बादली नेलीय, तिला ती परत करायची बुद्धी दे. आमेनच्या आत बादली आली. लोक हसायचे, पण पुढच्या बुधवारी येताना उसन्या आणलेल्या वस्तू घेऊनच यायचे.

प्रभुभोजनाचा द्राक्षारसही त्याच करायच्या. समेट करून आल्या की न्हाऊन धुतलेली साडी नेसायच्या, काळी द्राक्षं आणि तो हंगाम नसेल तर काळ्या मनुका मोठ्या पातेल्यात मंद उकळत ठेवायच्या आणि रस होईपर्यंत पातेल्यापासून हलायच्या नाहीत. त्या वेळी त्या घरात कुणी कुणाबद्दल वाकडं बोलायचं नाही असा नियम होता. दुसऱ्या दिवशी वर्गात तो रस छोट्या काचेच्या पेल्यांतून ताटात फिरायचा. उपासना चालवायला रुबाबात आलेल्या पाळकसाहेबांपेक्षा त्या ताटाकडे मेट्रनबाईंचंच जास्त लक्ष असायचं.

असं सगळं सुरळीत चालू होतं. अडलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या चेअरमनपाशी.

चेअरमन म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन, साताऱ्याकडचे, पोलिसातून जमादार म्हणून निवृत्त झालेले. अवघड माणूस कसा असतो हे कुणाला बघायचं असेल तर मी त्याला आमच्या जिन्यात उभा केला असता. गच्चीला त्यांचं कुलूप, पंपाला त्यांचं कुलूप. पाणी सुटायच्या वेळी नळ उघडा राहिला तर ते पंप बंद करून खाली येत आणि अपराध्याच्या दारासमोर नुसते उभे राहत. गच्चीवर पापड वाळत घालायचे नाहीत, जिन्यात चप्पल काढायची नाही. त्यांच्या चपलांचा आवाज वरून येऊ लागला की मी घरात असलो तरी सरळ बसायचो. फक्त त्यांची बायको त्यांना हसायची. गोल चेहऱ्याची, हळू आवाजाची बाई होती. गच्चीची किल्ली ती हळूच खाली आणून द्यायची आणि म्हणायची, "वाळवा पापड, त्ये पेपर वाचाया बसल्यात."

त्या बाईचे डोळे पिवळट दिसताहेत, हे मेट्रनबाईंनी जिन्यात पहिल्यांदा ओळखलं. त्यांनी तिथल्या तिथं चेअरमनना सांगितलं की मोठ्या डॉक्टरकडे न्या. चेअरमन म्हणाले, पित्त हाय, काढा चालूय. पुढं महिन्याभरानं तिला न्यावं लागलं, ते परत न आणण्यासाठीच. बाई गेल्यावर आम्ही सगळे चेअरमनना भेटायला त्यांच्या घरी गेलो. सतरंजीवर माणसं बसलेली, चेअरमन भिंतीला टेकून. माझ्या शेजारी मेट्रनबाई होत्या. त्यांनी घड्याळ उचलून बघितलं. आणि त्या भरल्या खोलीत, वॉर्डात बोलावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "महिनाभर आधी नेलं असतं तर बाई वाचली असती. मी सांगितलं होतं तुम्हाला." चेअरमननी मान वर केली नाही. कुणीतरी खोकलं. मी सतरंजीचा दोरा ओढत बसलो. तो सगळा निघाला असता तरी मला थांबता आलं नसतं.

त्या दिवसापासून चेअरमन मेट्रनबाईंशी बोलेनासे झाले. त्यानंतरचा क्षमेचा शनिवार आला, तेव्हा मेट्रनबाई नेमानं तीन मजले चढून गेल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही माझ्याशी बोलत नाही, त्याबद्दल मी तुम्हाला क्षमा केली आहे." चेअरमननी दार लावून घेतलं. पुढच्या महिन्यात त्या पुन्हा गेल्या, पुन्हा दार लागलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची क्षमा कुणी घेत नव्हतं. समेट नाही म्हणजे प्रभुभोजन नाही, हा त्यांचा हिशेब सरळ होता. त्यांनी रस केला, ताट पुसून लावलं, आणि वर्गात ते त्यांच्यापुढं आलं तेव्हा हात न लावता शेजारणीकडे सरकवलं. मी तिरक्या नजरेनं बघत होतो. मला वाटलं, एवढ्या वेळेपुरतं असेल. पण वर्ष होत आलं तरी ते ताट तसंच पुढं सरकत राहिलं.

मंडळीत कुजबुज सुरू झाली. आमचे पाळकसाहेब तरुण होते आणि मेट्रनबाईंना माझ्याइतकेच घाबरायचे. एका रविवारी त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "तुम्ही त्यांचे शेजारी. जरा बोला ना. मी बोललो तर टेन्शन वाढेल."

"माझं आहे त्यात काय कमी आहे, साहेब?" मी म्हणालो. पण गेलो. मेट्रनबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काय करू सांग. मी खोटं बोलले असते तर पायावर डोकं ठेवलं असतं. खऱ्याची क्षमा कशी मागतात, ते मला कुणी शिकवलं नाही. ती वाचली असती, लेकरा. शंभर टक्के वाचली असती. आमच्याकडे अशा कितीतरी बायका बऱ्या होऊन चालत घरी गेल्यात." एवढं बोलून त्या आपल्या दोन तळहातांकडे बघत बसल्या.

मग त्यांनी शनिवारी फिरणंच सोडलं. "ज्याचा स्वतःचा समेट नाही त्यानं कुणाला क्षमा करत फिरायचं?" म्हणाल्या. ज्या शनिवारची आम्ही दोघं इतकी धास्ती घ्यायचो तो कोरडा जायला लागला. सुटलो म्हणून आनंद व्हावा, तर तसं काही होईना. उलट मला जास्तच भीती वाटायला लागली. माझे गुन्हे आता कोण मोजणार, आणि मोजले नाहीत तर ते साठून राहतील की काय, असं काहीतरी मनात यायचं. त्यात त्या वाळत चालल्या होत्या. साडीचा एक वेढा वाढला होता. इंजेक्शन देताना गप्प असायच्या, आणि पालथा पडलेला माणूस आपणहून विचारायचा, "मेट्रनबाई, माझं काही चुकलं नाही ना?" बायको म्हणाली, "त्यांना काही झालं आणि हे असंच राहिलं तर?" मी तिला गप्प केलं. तीच भीती माझ्या मनात कित्येक दिवस होती.

अशाच एका प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी बायकोनं मला गच्चीवर पाठवलं. सकाळी गच्ची उघडी दिसली म्हणून नियम मोडून तिनं तिथं गोधडी वाळत घातली होती. मी चप्पल हातात घेऊन वर गेलो, गोधडीला हात घातला आणि बघतो तर टाकीपाशी चेअरमन. ते माझ्याकडे चालत आले. दाढी वाढलेली होती.

"तुमच्यातल्या त्या नर्सबाई," ते म्हणाले.

"हो, हो," मी म्हणालो.

"त्या कधी खोटं बोलत न्हाईत म्हनत्यात. खरं हाय का?"

विषय गोधडीचा नाही, या आनंदात मी अगदी भरभरून बोललो. म्हणालो, मेट्रनबाई आणि खोटं? जीव गेला तरी बोलायच्या नाहीत. दवाखान्यात मोठे डॉक्टरसुद्धा त्यांच्या शब्दावर चालायचे, एकदा नजर टाकली की रोगी जगणार की जाणार ते सांगायच्या. चेअरमन ऐकत होते. "हां," एवढंच म्हणाले. मग टाकीच्या झाकणावर हात ठेवून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "घेऊन जा ती गोधडी." नियमाबद्दल एक अक्षर काढलं नाही. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

खाली जाताना मी मेट्रनबाईंचं दार वाजवलं. त्या पातेल्यापाशी उभ्या होत्या, रसाला कढ येत होता. म्हटलं, जरा चांगलं ऐकवावं. चेअरमन तुमच्याबद्दल चांगलं विचारत होते, असं म्हणून मी सगळं सांगितलं. त्यांचा पळी फिरवणारा हात थांबला.

"काय विचारलं त्यानं? परत सांग."

मी परत सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला.

"मेट्रनबाई, रस अजून व्हायचाय."

"राहू दे. चल माझ्याबरोबर वर."

"मी कशाला?"

"मला भीती वाटते," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकेन असं मला वाटलं नव्हतं. त्या पुढं आणि मी मागं, असे आम्ही चढलो. दुसऱ्या मजल्यावर त्या कठड्याला धरून थांबल्या. "वर्षभर मला वाटत होतं की तो माझ्यावर रागावलाय," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा चढू लागल्या.

चेअरमननी दार उघडलं, मेट्रनबाईंना बघितलं आणि लावायला लागले. "मी क्षमा करायला आलेली नाही," त्या घाईनं म्हणाल्या. "मागायला आलेय." दार अर्ध्यावर राहिलं. मग उघडलं. आम्ही आत जाऊन बसलो. भिंतीवर बाईंचा फोटो होता, हसऱ्या गोल चेहऱ्याचा. चेअरमननी स्वतः दोन पेले पाणी आणून ठेवलं. मेट्रनबाई म्हणाल्या, "त्या दिवशी चार माणसांत मी जे बोलले ते बोलायला नको होतं. माझं चुकलं. मला माफ करा."

आता हा माणूस फुटणार, असं वाटून मी दाराच्या दिशेनं सरकलो होतो. पण चेअरमन शांत होते. "बोलल्याचं काय न्हाई, बाई," ते म्हणाले. "तुमी येकदा बोलला. मी तर रोज सोताला बोलतो. मला फकस्त येकच सांगा. म्हैनाभर आधी न्हेली असती तर वाचली असती का?"

मी मेट्रनबाईंकडे बघितलं. 'शंभर टक्के' हा त्यांचा शब्द माझ्या कानात तसाच होता. ही बाई भर रस्त्यात शिळ्या पापलेटावरून खोटं खपवून घेत नसे. त्यांचा हात सवयीनं घड्याळाकडे गेला, पण त्यांनी ते उचललं नाही. सरळ चेअरमनच्या डोळ्यांत बघून, वॉर्डातल्या त्याच स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "नाही. तेव्हासुद्धा उशीर झालेला होता. तुम्ही काहीही केलं असतं तरी फरक पडला नसता. त्या दिवशी मी उगाच बोलले."

"नक्की?"

"मी मेट्रन होते. मला कळतं."

चेअरमननी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेतला आणि बराच वेळ तो खाली केला नाही. आम्ही उठलो.

जिन्यात मेट्रनबाई एकेक पायरी चाचपत उतरत होत्या. "मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. मी एक पायरी मागं होतो. "उद्या प्रभुभोजन आहे, आणि रस अर्धा ठेवून जाऊन मी खोटं बोलून आले." घरी जाऊन त्यांनी गॅस पुन्हा पेटवला. मी दारात उभा राहिलो. त्यांना एकटं सोडून जावंसं वाटेना.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. एरवी बायकांच्या बाजूला बसायच्या. भाकर आली, मग ताट आलं. त्यांचे हात मांडीवरच होते. ताट पुढं गेलं की पुन्हा वर्षभर पुढंच जात राहणार, हे मला कळत होतं. त्या माझ्याकडे झुकल्या आणि कुजबुजल्या, "लेकरा, कालचं पोटात ठेवून हे घेता येतं का?"

इतक्या मोठ्या प्रश्नाला उत्तर देण्याची माझी लायकी नव्हती. घरून निघताना कुठला शर्ट घालू हेही मी बायकोला विचारतो. समोर पाळकसाहेब होते, त्यांना विचारा म्हणायला हवं होतं. पण मी म्हणालो, "घ्या, मेट्रनबाई." त्यांनी पेला उचलला. थोडा रस बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला, पण त्या प्यायल्या. मग मीही प्यायलो, आणि मला रडू आलं. ते मला अजून कुणाला समजावून सांगता आलेलं नाही.

त्यानंतर चेअरमन दर काही दिवसांनी खाली येऊन बसायचे. इकडचं तिकडचं बोलायचे, आणि उठताना तोच प्रश्न विचारायचे. मेट्रनबाई तेच उत्तर द्यायच्या. एकदाही अडखळल्या नाहीत. शनिवारी पुन्हा फिरू लागल्या होत्या, पण आता दारात येऊन विचारायच्या, "माझं काही चुकलं का रे?" याचा त्रास आधीच्यापेक्षा जास्त होता, कारण काही नाही म्हटलं तरी त्या हलायच्या नाहीत. शेवटी मरण त्यांना नगरला भाच्याकडे गेल्या असताना आलं, झोपेत. आम्ही दोघं तिकडे जाऊन आलो. त्यांच्या त्या खोट्याबद्दल नंतर मी दोन पाळकांना विचारलं. दोघांची उत्तरं वेगळी निघाली, आणि माझी धाकधूक काही गेली नाही.

नगरहून आलो त्याच संध्याकाळी चेअरमन आमच्या दारात आले. आत यायला तयार होईनात. पायाखालच्या फरशीकडे बघत उभे राहिले.

"बाई गेल्या," ते म्हणाले. "आता मी कुनाला इचारू?"

"मला विचारा," मी म्हणालो. "त्यांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं होतं."

त्यांनी विचारलं. मी सांगितलं. तेव्हापासून मीच सांगतो. माझा आवाज मेट्रनबाईंसारखा ठाम येत नाही, मध्येच कापतो, पण चेअरमन तेवढं सांभाळून घेतात.